डॉक्टर, पण कशातले?

आमची माई आत्या वाईला राहायची. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. अंगारे-धुपारे, गंडे-दोरे यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. गुरुवारी दत्ताला हार, एकादशीला उपवास आणि रोज सकाळी मधुमेहाची गोळी हे तिन्ही नेम ती सारख्याच निष्ठेने पाळायची. 1996च्या पावसाळ्यात तिने ती गोळी बंद केली. सांगणारा कोणी बुवा असता तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावले असते. पण सांगणारे गृहस्थ 'डॉक्टर' होते.

गावातल्या एका मंगल कार्यालयात त्यांचे व्याख्यान झाले होते. विषय होता, विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम. पत्रकावर नावाआधी ठळक 'डॉ.' छापलेले. पडद्यावर पेशींची चित्रे, तोंडी कंपने, ऊर्जा, अणू-रेणू असे शब्द. ठरावीक मंत्राच्या उच्चाराने स्वादुपिंडातल्या निद्रिस्त पेशी पुन्हा जाग्या होतात आणि मग औषधाची गरज उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. व्याख्यानानंतर आत्या त्यांना भेटली. त्यांनी तिच्याजवळ तासभर बसून, वहीवर आकृत्या काढून तिला सगळे समजावून सांगितले.

दिवाळीत मी गेलो तेव्हा तिने ही वही माझ्यापुढे ठेवली. मी चार पाने उलटली आणि म्हणालो, "आत्या, मी विज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस आहे. हे सगळं थोतांड आहे. विषय संपला."

तिने शांतपणे विचारले, "तू कशातला डॉक्टर रे?"

"रसायनशास्त्रातला. कापड रंगवायच्या रंगांवर काम केलं मी."

"मग साखरेचं तुला काय कळतं?"

मला राग आला. मी फराळाचे ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसलो. पुढे संक्रांतीच्या सुमारास तिच्या डाव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. तेव्हा कुठे मी त्या गृहस्थांची चौकशी केली. त्यांची डॉक्टरेट खरी होती. रीतसर विद्यापीठाची होती. प्रबंधाचा विषय होता, सहकारी पतसंस्थांच्या हिशेबपद्धती.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. पण विज्ञान आणि धर्म यांचा वाद कुठे रंगात आला की मला ती वही आठवते. कारण असा वाद बहुधा फार लवकर मुद्द्यावरून माणसावर येतो. एक जण म्हणतो, 'हे मी नाही म्हणत, अमुक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणतात.' दुसरा लगेच तमुक नोबेल विजेत्याचे नाव काढतो. घटकाभराने पाहावे तर दोन्हीकडून नावांचे नाणेफेक चाललेली असते आणि मूळ प्रश्न कोपऱ्यात बसून वाट पाहत असतो. अशा वेळी बोलणाऱ्याची पात्रता तपासावी की नाही? तपासावी, जरूर तपासावी. पण कशी आणि कुठवर, हा खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, विज्ञान नावाचे एक भले मोठे घर आहे आणि त्यात शिरलेल्या प्रत्येकाला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मिळतात, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण गुडघा दाखवायला जात नाही. पण विश्व, जीव, देव असे मोठे शब्द आले की कुठल्याही शाखेचा विद्वान आपल्याला चालतो.

याचे मोठे उदाहरण म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. मराठी वाचकांना हे नाव परके नाही. आपल्या जयंत नारळीकरांचे ते केंब्रिजमधले गुरू. हॉइल यांची थोरवी वादातीत आहे. कार्बनसारखी मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी तयार होतात, याचा उलगडा करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. 1957 साली तीन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लिहिलेला प्रबंध आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. 'बिग बँग' हा शब्दही त्यांचाच. गंमत अशी की 1949 साली बीबीसीवरच्या भाषणात हा शब्द त्यांनी वापरला तो त्यांना न पटणाऱ्या सिद्धान्तासाठी!

याच हॉइल यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जीवसृष्टीच्या उगमाबद्दल एक उपमा दिली. भंगाराच्या ढिगावरून वावटळ जावी आणि त्यातून आपोआप बोइंग 747 विमान जुळून तयार व्हावे, तितकेच निव्वळ योगायोगाने सजीव पेशी तयार होणे अशक्य आहे, असा तिचा आशय. उपमा मोठी झणझणीत. जगभरच्या धर्मप्रचारकांनी ती उचलली आणि आजही उत्क्रांतीविरुद्धच्या पुस्तिकांमधून ती 'थोर शास्त्रज्ञाची कबुली' म्हणून फिरत असते. स्वतः हॉइल जीवसृष्टी अंतराळातून पृथ्वीवर आली असे मानत. धर्मग्रंथातल्या निर्मितीकथेची बाजू घ्यावी म्हणून काही ते बोलत नव्हते. पण ते असो. उपमेतच मुख्य अडचण आहे. सुट्या भागांपासून अख्खे विमान एका फटक्यात तयार होते, असे जीवशास्त्र म्हणतच नाही. लहान लहान बदल, त्यांतल्या टिकाऊ बदलांची निवड, त्यावर पुन्हा बदल, अशी कोट्यवधी वर्षांची ती वाट आहे. सगळ्यात पहिली पेशी कशी झाली, यावर अजून संशोधन चालू आहे. पण एका वावटळीचा हिशेब तिथेही लागू पडत नाही.

हॉइल एवढ्यावर थांबले नाहीत. लंडनच्या संग्रहालयात आर्किऑप्टेरिक्सचा प्रसिद्ध जीवाश्म आहे. अंगावर पिसे, पण जबड्यात दात आणि मागे लांब हाडांची शेपटी. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून तो पाठ्यपुस्तकांतून दिसतो. त्यावरचे पिसांचे ठसे बनावट आहेत, असा आरोप हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आता एवढा मोठा माणूस म्हणतो म्हटल्यावर काय करायचे? संग्रहालयाच्या जीवाश्मतज्ज्ञांनी हॉइल यांच्या पदव्या काढल्या नाहीत. त्यांनी दगड तपासला. शिळेच्या दोन्ही अर्ध्या भागांवर केसासारख्या बारीक भेगा होत्या, त्या पिसांच्या ठशांमधून जात होत्या आणि एका भागावरची भेग दुसऱ्या भागावरच्या भेगेशी तंतोतंत जुळत होती. वरून काही थापून ठसे उठवले असते तर हे जुळणे शक्य नव्हते. 1986 साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताऱ्यांचा जाणकार दगडाच्या बाबतीत चुकला होता. त्याने त्यांची ताऱ्यांविषयीची थोरवी तसूभरही कमी होत नाही. पण ती थोरवी दगडाच्या उपयोगी पडत नाही, एवढेच.

इथवर वाचून विज्ञानवादी मित्र खूश झाले असतील. त्यांना आता दुसरी बाजू सांगतो. 1975 साली अमेरिकेतल्या 'द ह्युमनिस्ट' या नियतकालिकात फलज्योतिषाविरुद्ध एक जाहीर पत्रक निघाले. त्याखाली 186 शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या आणि त्यांत 18 नोबेल पारितोषिक विजेते होते. केवढे वजन! पण कार्ल सेगन यांनी त्यावर सही करायला नकार दिला. फलज्योतिषावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो पत्रकाच्या सुराला. आम्ही मोठे आहोत, आम्ही सांगतो म्हणून ऐका, असा तो सूर त्यांना वाटला. ग्रहांचा परिणाम कसा होतो हे सांगता येत नाही, एवढ्यावरून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. खंड सरकतात हे वेगेनरने सांगितले, तेव्हा ते कशाने सरकतात हे त्यालाही नीट सांगता आले नव्हते. आणि वेगेनर हा भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता, हवामानशास्त्रज्ञ होता. परक्या खोलीत शिरलेला माणूस दर वेळी चुकतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

त्या 186 सह्यांपुढे मला नारळीकरांनी पुण्यात केलेली चाचणी मोठी वाटते. 2008 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे यांच्याबरोबर ती केली. नारळीकरांच्या नावामागे काय कमी वजन होते? एक पत्रक काढून 'फलज्योतिष खोटे आहे' असे म्हटले असते तरी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले असते. त्यांनी तसे केले नाही. बुद्धीने पुढे असलेली 100 मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली 100 मुले, अशा 200 मुलांचे जन्मतपशील घेऊन कुंडल्या मांडल्या. कोणती कुंडली कोणाची हे गुपित पुणे विद्यापीठात सांकेतिक क्रमांकांखाली ठेवले, म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही ते ठाऊक नसावे. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकाला 40 कुंडल्या देऊन विचारले, यातले हुशार मूल कोणते ते सांगा. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी सरासरी 20 उत्तरे बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी त्याहून कमी भरली. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या 200 कुंडल्या तपासल्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी.

या चाचणीत ज्योतिषाला कोणी विचारले नाही की बाबा, तुझे शिक्षण किती? आणि नारळीकरांनी सांगितले नाही की मी केंब्रिजचा. दोघेही एका कागदापुढे उभे राहिले आणि कागदाने निकाल दिला. या चाचणीवर कोणाला शंका असेल तर त्याने आणखी मोठी करून पाहावी. तो रस्ता मोकळा आहे. सह्यांच्या पत्रकात असा रस्ता नसतो. तिथे एक तर मान डोलवायची, नाही तर चिडायचे.

पदवीसारखीच आणखी एक गोष्ट आपल्याला भुलवते, ती म्हणजे व्यासपीठ. जानेवारी 2015 मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे 102 वे अधिवेशन झाले. त्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. वाचणारे होते एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे निवृत्त प्राचार्य. आधार होता भरद्वाज ऋषींच्या नावावर असलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा. विज्ञान काँग्रेसचे व्यासपीठ, विद्यापीठाची वास्तू आणि बोलणारा स्वतः वैमानिक. सामान्य माणसाने आणखी काय पाहायचे?

पण विमान चालवता येणे वेगळे, विमान कसे उडते याचे गणित वेगळे आणि एखादी संस्कृत पोथी किती जुनी हे ठरवणे त्याहून वेगळे. हे काम त्याआधी 41 वर्षे झालेले होते. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी हा ग्रंथ तपासला होता. त्यांनी आधी विचारले, हा लिहिला कोणी आणि केव्हा? भाषा वेदकालीन नव्हती, अलीकडची होती. सुब्बराय शास्त्री नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रंथ तोंडी सांगितला आणि तो उतरवून घेतला गेला, असे निघाले. मग त्यांनी त्यातल्या विमानांची मापे आणि रचना घेऊन आकडेमोड केली. एकही विमान उडण्याजोगे नव्हते. थट्टा न करता, ग्रंथ मुळातून वाचून, हिशेब मांडून काढलेला हा निष्कर्ष. खरे तर प्राचीन भारताचा अभिमान वाटायला आर्यभट, सुश्रुत, पाणिनी असताना उसन्या विमानांची गरजच काय? बनावट दागिना मिरवला की घरातल्या अस्सल दागिन्यांकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

आता एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. 'तुझा अधिकार काय?' हा प्रश्न आपल्या मातीत काही निर्मळ नाही. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवायला लावले तेही अधिकाराच्याच नावाखाली. पिढ्यानपिढ्या बायकांना आणि बहुजनांना याच एका प्रश्नाने गप्प बसवले गेले. तेव्हा पात्रता तपासण्याचा आग्रह धरताना हा इतिहास विसरून चालणार नाही. पैठणच्या धर्मसभेने जन्म विचारला होता. आपल्याला विचारायचा आहे तो अभ्यास. जन्म कोणालाच बदलता येत नाही; अभ्यास कोणालाही करता येतो आणि कोणालाही तपासता येतो.

रामानुजनचे उदाहरण घ्या. 1913 साली मद्रासच्या बंदर कार्यालयातल्या या कारकुनाने केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठवले. पदवी नाही, महाविद्यालयाच्या परीक्षेत तर नापास. पत्रात पानेच्या पाने गणिती सूत्रे. आपली सूत्रे नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात, अशी त्यांची श्रद्धा. हार्डी पक्के नास्तिक. पात्रतेची ढोबळ चाळणी लावली असती तर ते पत्र केराच्या टोपलीत गेले असते. हार्डी यांनी सूत्रे तपासली. काही आधीच माहीत असलेली निघाली, मूळ संख्यांबद्दलची काही चुकीची निघाली आणि काही अशी की गणितात ती कोणी पाहिली नव्हती. देवीचे नाव आहे म्हणून हार्डी यांनी बरोबर सूत्र नाकारले नाही आणि देवीचे नाव आहे म्हणून चुकीचे सूत्र स्वीकारलेही नाही. श्रद्धा आणि विज्ञान यांनी एका छपराखाली कसे राहावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

दुसरा धडा बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांचा. हे 1923 साली दीक्षा घेतलेले कॅथलिक धर्मगुरू आणि पदार्थवैज्ञानिकही. विश्व प्रसरण पावते आहे हे 1927 साली आणि त्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी हे 1931 साली मांडणारे. 1951 साली खुद्द पोप बाराव्या पायस यांनी या विज्ञानात सृष्टिनिर्मितीची साक्ष असल्याचे सुचवले. कोणत्याही धर्मगुरूला धन्य वाटले असते. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त उद्या निरीक्षणांनी खोटाही ठरू शकेल, त्यावर श्रद्धेचा भार टाकू नये, अशी त्यांची भूमिका. त्यांनी आपले म्हणणे योग्य जागी पोहोचवले आणि पोपनी पुढे हा सूर आळवला नाही. दोन्ही पात्रता अंगी असलेल्या माणसाने एकीची उसनवारी दुसरीसाठी केली नाही. आपण एक शेंडी-टिळा किंवा एक पांढरा कोट पाहून दोन्हीकडची बिले चुकती करतो.

मग घरच्या माणसांनी करायचे काय? फार काही नाही. कोणी विद्वानाचे नाव पुढे केले की पहिल्यांदा विचारावे, हे डॉक्टर कशातले? मग विचारावे, त्या विषयाच्या जाणकारांपुढे त्यांनी हे कधी मांडले का आणि ते काय म्हणाले? तिसरे, हे चुकीचे असेल तर कशावरून कळेल? या तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याच्या पदव्या कितीही असोत, त्याला नमस्कार करून उठावे. आणि हे तिन्ही प्रश्न आपल्याला आवडणारे बोलणाऱ्याला आधी विचारावेत. न आवडणाऱ्याला ते आपण विचारतोच.

पदवी माणसाला ओसरीपर्यंत आणते. पाणी द्यावे, ऐकून घ्यावे, एवढा मान तिचा आहे. माजघरात यायचे तर पुरावा बरोबर आणावा लागतो.

आत्याला इस्पितळातून घरी आणले त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो होतो. त्या गृहस्थांच्या प्रबंधाचा विषय मी तिला सांगितला. ती थोडा वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जे त्याला विचारायला हवं होतं ते मी तुला विचारलं, ही माझी चूक. पण तू जसं बसून सांगायला हवं होतंस, तसं तो बसून सांगत होता."

मला उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी मी तिच्या कपाटातून ती वही काढली, कोरे पान उघडले आणि स्वादुपिंड, इन्सुलिन आणि साखर यांचे नाते तिला समजावून सांगू लागलो. त्यासाठी मला आधी तिच्या डॉक्टरांकडे जाऊन ते स्वतः समजून घ्यावे लागले होते. तास-दीड तास लागला. दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू झाली. गुरुवारचा हार कधी बंद पडलाच नव्हता.